हात मांडीखाली

घरात तिला लगबग म्हणत. खरं नाव होतं ते कॉलेजच्या ओळखपत्रावर, आणि त्या नावाने कुणी हाक मारली तर ती आधी मागे वळून बघायची, की कुणाला बोलावताहेत. लगबग म्हटलं की मात्र हाक पुरी व्हायच्या आत समोर हजर. कुणाच्या हातातून चमचा निसटला की तो जमिनीला लागायच्या आत हिचा हात खाली. कुणी शिंकायचा नुसता विचार केला की हिचा रुमाल पुढे. असं एक माणूस प्रत्येक घरात असावं. दोन असली तर चालायला वाट राहत नाही.

आणि तिची सगळ्यात मोठी लगबग होती ती दुसऱ्यांची वाक्यं पुरी करायची.

याला कारण दादा. दादा तिच्याहून बराच मोठा, घड्याळं दुरुस्त करणारा. चिमट्यात धरलेला केसाएवढा स्क्रू त्याच्या हातात कधी हलला नाही, पण शब्द जिभेवर आला की तिथेच बसकण मारायचा. दादा अडखळायचा, आणि चांगला अडखळायचा. 'नमस्कार'मधला न दारातच थांबून राहायचा आणि तोवर गिऱ्हाईक उगाच भिंतीवरची घड्याळं मोजत उभं. आई लवकर गेली. बाबा ट्रक चालवायचे, आठवडे आठवडे बाहेर. त्यामुळे दादा लहानग्या लगबगला दुकानात घेऊन यायचा आणि काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसवायचा.

तिला स्वतःचं लहानपण आठवतं ते त्या स्टुलावरचंच, आणि तेही बोलतानाचंच. गिऱ्हाइकाने विचारावं, "कधी मिळेल?" दादाने म्हणावं, "श… श…" की स्टुलावरून आवाज यायचा, "शनिवारी! आणि पट्टाही बदलायला झालाय, काका." गिऱ्हाईक खूश. दादा मान डोलवून, भिंग डोळ्याला लावून परत कामात वाकलेला. पुढेपुढे तर लोक दुकानात शिरले की दादाकडे न बघता स्टुलाकडे बघूनच बोलायला लागले. बाहेरही तेच. बुटांच्या दुकानात दादाने "त… त…" केलं की ही म्हणायची, "तेच द्या, नेहमीचे काळे." दादाच्या मनातला शब्द आपल्याला त्याच्याआधी कळतो, याचा तिला कोण अभिमान! कधी चुकतही असेल. पण दादाने चूक काढली असं एकदाही झालं नाही.

तर अशी ही मुलगी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असताना विभागाच्या फळ्यावर एक सूचना लागली. माणसाचं आणि संगणकाचं एकमेकांशी कसं जमतं, कुठे बिनसतं, यावर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा तिथे होती. मुलं तिला नुसतं लॅब म्हणत. लॅबला एका सत्रापुरते काही विद्यार्थी हवे होते. अनुभवाची अट नाही, शिकवून घेऊ. सत्र संपताना त्यांतल्या एकाला मोठ्या प्रकल्पात घेणार होते. प्रकल्प होता बोलताना ज्यांची गाडी अडते अशा माणसांसाठी बोलका टॅब करण्याचा. पडद्यावर एखाददुसरं अक्षर लिहिलं की टॅबने पुढचा शब्द ओळखून समोर ठेवायचा, आणि माणसाने त्यावर बोट लावलं की मोठ्याने बोलायचा. लगबगने सूचना दोनदा वाचली. हे काम आपल्याचसाठी निघालंय, दुसऱ्या कुणी अर्ज केला तर तो चोरी करतोय, अशी तिची खात्रीच झाली.

मुलाखतीला लॅबच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी सुरुवात केली, "तुला या लॅबमध्ये यायला…"

"आवडेल, कारण माझा दादा अडखळतो आणि मी लहानपणापासून त्याच्यासाठी बोलते!"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी विचारत होते, यायला वाट सापडली ना. जिन्याचं काम चाललंय." तरीही त्यांनी तिला घेतलं. का घेतलं, हे त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही.

लॅबमध्ये शिकवायला एक ताई होती, डॉक्टरेट करणारी, शांत. तिने पहिल्याच दिवशी लॅबची रीत सांगितली. लोक टॅब वापरून बघायला येतील. आपण त्यांच्या शेजारी बसायचं, काम द्यायचं आणि बघायचं. मदत करायची नाही.

"अजिबात?" लगबगने विचारलं.

"अजिबात. माणूस कुठे अडतो, तेच तर शिकायचंय आपल्याला. तू हात दिलास की टॅबची खोड झाकली जाते. उद्या तो माणूस घरी एकटा असताना अडेल, तेव्हा तू थोडीच असणार आहेस तिथे?" असं म्हणून ताईने आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसली. लॅबमध्ये सगळे असंच बसत. बोट पुढे जाऊ नये म्हणून कुणीतरी कधीतरी काढलेली ही युक्ती, ती आता तिथला नियमच झाली होती. हात मांडीखाली, तोंडाला कुलूप.

लगबगने मनावर घेतलं. तिच्या वाट्याला एक निवृत्त मास्तर आले. पक्षाघातानंतर त्यांना शब्द सापडत नसत. मग एक शिवणकाम करणाऱ्या मावशी, मग आणखी काहीजण. ती हातांवर बसली, ओठ दाताखाली धरले, आणि काय सांगावं, तिची सेशन्स सगळ्यांत झकास झाली! बाकीच्या मुलांची माणसं अडत होती, चिडत होती, आणि लगबगची माणसं पटापट शब्द निवडून मोकळी. तिला वाटलं, प्रकल्प आता खिशात.

मॅडमनी एका दुपारी तिला बोलावून रेकॉर्डिंग लावलं. टॅबच्या वर नजर टिपणारा कॅमेरा असायचा. माणूस जिथे बघेल तिथे पडद्यावर लाल ठिपका उमटायचा. मास्तरांचा ठिपका शब्दांवरून फिरत फिरत कडेपर्यंत गेला आणि गायब झाला. थोड्या वेळाने परत आला तो थेट बरोबर शब्दावर. मावशींचंही तेच. सगळ्यांचंच तेच.

"ठिपका कुठे जातो, सांग बरं," मॅडम म्हणाल्या.

लगबगने पडद्याच्या कडेवर बोट ठेवलं.

"उजवीकडे. तिथे तू बसतेस." मॅडमनी दुसरं रेकॉर्डिंग लावलं. त्यात लगबग दिसत होती, हात मांडीखाली, तोंड बंद, आणि डोळे मात्र बरोबर शब्दावर असे रोखलेले, की आंधळ्यालाही कळावं. "मास्तरांनी जन्मभर पोरांच्या डोळ्यांवरून कॉपी पकडली. तुझे डोळे वाचायला त्यांना कितीसा वेळ लागणार? ते टॅब वाचतच नव्हते. तुला वाचत होते."

तिची सगळी सेशन्स बाद झाली. मॅडम रागावल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या इतकंच म्हणाल्या, "तू हुशार आहेस. प्रोग्रॅम लिहायच्या बाजूला तुझं छान होईल. पण प्रकल्पात मला माणसांसमोर बसणारं कुणीतरी हवंय. एक संधी देते. आधी पलीकडच्या खोलीत, काचेमागे बसून बघायला शीक. तिथे तुझे डोळे कुणाला दिसणार नाहीत. ते जमलं तर मास्तरांना परत बोलावू. नाही जमलं तर मग हा विषय इथेच संपवू."

घरी येईपर्यंत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. माणसांसमोर बसता येणार नसेल तर प्रोग्रॅम घेऊन काय करायचे? आणि दुसऱ्याला अडलेलं बघून नुसतं बसायचं, याला कसलं शिक्षण म्हणायचं, अशी आतून चीडही येत होती. अति घाई संकटात नेई, हे तिने रस्त्यावरच्या पाट्यांवर शंभरदा वाचलं होतं. पाटी आपल्यासाठी असते असं कुणाला वाटतं?

त्याच आठवड्यात ताईने विचारलं, "अडखळणारी माणसं यायला तयार होत नाहीत गं. तुझे दादा येतील का?"

लगबगला वाटलं, दादा कसला येतोय! अनोळखी माणसासमोर बोलायला लागेल म्हणून तो पोस्टात जायचंसुद्धा टाळतो. जेवताना तिने विचारलं. दादाने घास खाली ठेवला. "ये… ये…"

"येशील? खरंच?"

दादा हसला आणि त्याने मान हलवली. तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता, पण लगबगचं लक्ष तोवर आमटीकडे गेलं होतं.

लॅबचा नियम असा, की नात्यातल्या माणसाचं सेशन आपण घ्यायचं नाही, आणि काचेमागे कोण बसलंय ते येणाऱ्याला आधी सांगायचं. ताईने दादाला सांगितलं, "तुमची बहीण आणि मॅडम पलीकडून बघतील. चालेल ना? नको असेल तर उठवते त्यांना."

दादाने खोलीतल्या काचेकडे पाहिलं. त्याच्या बाजूने ती आरसाच होती. "ब… ब… ब…" ताई थांबली होती. "बसू दे," दादा म्हणाला.

पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत लगबग मॅडमच्या शेजारी बसली होती. समोर दादा, इतका जवळ की सदऱ्याचं वरचं बटण सैल झालंय तेही दिसावं. टेबलावर एक छोटा माइक आणि त्याचं बटण. दाबलं की आवाज आतल्या खोलीत जायचा. अगदीच गरज पडली तर वापरायचं. मॅडमनी ते मुद्दाम तिच्या बाजूला सरकवून ठेवलंय, असं तिला वाटलं, आणि तिचं वाटणं या वेळी बरोबर असावं.

ताई दुकानदार झाली. "माझ्याकडून काहीतरी विकत घ्या. टॅबवर सांगा. तुमच्या मनाला येईल ते."

दादाने लिहिलं, बूट. टॅबने लगेच पुढचा शब्द समोर ठेवला: काळे. चला, झालं, लगबगने मनात म्हटलं. पण दादाने बोट लावलं नाही. त्याने त लिहिला. टॅबने सुचवलं: तेच. दादाने तेही सोडलं. पुढे प लिहिला. टॅबला वाटलं या माणसाला तपकीर हवीय. दादा गालात हसला, पण घाई केली नाही. एकेक अक्षर, घड्याळाचा काटा बसवावा तसं. टॅब मोठ्याने बोलला, "तपकिरी बूट."

दादा आणि तपकिरी! लगबगच्या डोळ्यांसमोर घराच्या दारातलं कपाट आलं. त्यात दादाचे काळे बूट, त्याआधीचे काळे, त्याच्याही आधीचे काळे. सगळे तिनेच सांगून घेतलेले.

मग ताईने शेवटचा प्रश्न विचारला. "तुमचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं केलं की कसं वाटतं? टॅबवर सांगा नाहीतर तोंडाने, तुम्हाला हवं तसं."

दादाने टॅब बाजूला सारला.

"रा… राग येतो. बँकेत. ब… बसमध्ये. लोक शब्द टाकतात पुढ्यात. कु… कुत्र्याला तुकडा टाकावा तसा."

लगबगचे कान तापले. तिला उठून जावंसं वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. अडलेली माणसं समजून घ्यायला ती विद्यापीठात येऊन बसली होती, आणि ज्याच्या पुढ्यात रोज तुकडे टाकले तो घरातच होता.

"लगबगचा नाही येत," दादा म्हणाला.

ताई काही बोलली नाही. आपण तिथे असतो तर लगेच विचारलं असतं, का म्हणून, असं लगबगला वाटलं. आणि मग दादाने नुसती मान हलवली असती.

"ती लहान होती. आ… आई गेली तेव्हा. ती बोलायचीच बंद झाली. एक शब्द नाही. डॉक्टर झाले, सगळं झालं. बाबा हा… हादरले. मी तिला दुकानात आणायचो. स्टुलावर बसायची. भिंतीकडे बघत."

लगबगला यातलं काहीच आठवत नव्हतं. ती आणि गप्प?

"एकदा एक बाई आल्या. म्हणाल्या, हे कधी मिळेल? मी अडलो. श… श… आणि मागून आवाज आला. 'शनिवारी.'" दादा हसला, आणि हसतानाच त्याने मनगटाने डोळा पुसला. "मला शनिवार म्हणायचं नव्हतं. शे… शेजारच्या दुकानात विचारा, असं म्हणायचं होतं. त्या घड्याळाचा भागच नव्हता माझ्याकडे. पण मी म्हटलं, हो. शनिवारी. गाव पालथा घातला, भाग मि… मिळवला, दिलं शनिवारी."

तो थांबला. हाताची मूठ उघडली, मिटली.

"त्यानंतर मी म… म…"

शब्द अडला. या वेळी चांगलाच. मानेची शीर वर आली, डोळे मिटले गेले, खांदा उचलला गेला. लगबग हे लहानपणापासून बघत होती, पण इतका वेळ कधीच बघितलं नव्हतं. इतका वेळ तिने कधी जाऊच दिला नव्हता. आत ताई हातांवर बसून दादाकडे बघत होती, शांतपणे, जणू जगात दुसरं काही कामच नाही. लगबगचा जीव वरखाली होत होता. तिला शब्द ठाऊक होता. मनातल्या मनात चिडायचो, असंच म्हणायचंय त्याला, दुसरं काय असणार? म्हणून टाकावं आणि सोडवावं त्याला. बरोबर आहे, चीड दादा, पण असा गुदमरू नकोस. तिचं बोट बटणावर गेलं.

मॅडमनी बोटाकडे पाहिलं.

बोट तिथेच राहिलं. प्रकल्प तिच्या मनात आला नाही, असं म्हणणं खोटं होईल. आला, आणि निघूनही गेला. राहिला तो एकच विचार, की दादाला एवढे कष्ट पडताहेत आणि तरी तो शब्द सोडत नाहीये. त्याअर्थी तो त्याला हवाय. तिने हात ओढून घेतला, दुसराही घेतला, आणि दोन्ही मांडीखाली घालून त्यांवर गच्च बसली.

"मुद्दाम अडायचो," दादा म्हणाला.

मनातल्या मनात नव्हे. मुद्दाम.

"ये… येत असलेल्या शब्दालासुद्धा. गिऱ्हाईक आलं की अडायचो आणि वाट बघायचो. ती बोलायची. रोज एक, मग दोन. मग शाळेत जायला लागली. मग थां… थांबेचना." आता दादा चक्क हसत होता. "मला सवय लागली. तिलाही लागली. पुढे कोण कुणासाठी करतंय, क… कळेनासं झालं."

ताईने विचारलं, "हे तुम्ही तिला कधी सांगितलं नाही?"

"सुरुवात केली होती. बऱ्याच वेळा." दादाने मान वळवून आरशात पाहिलं, नेमकं लगबग बसली होती तिथे. "पुरं नाही करू दिलं. म्हणून तर इथे आ… आलो."

लगबग रडली. पदराआड, रुमालाआड वगैरे नाही. हात मांडीखालीच होते, त्यामुळे सगळं पाणी सरळ हनुवटीवरून खाली. तिला लाज वाटत होती, दुःख होत होतं आणि त्याहूनही मोठं काहीतरी होतं, ज्याला माया म्हणतात. जन्मभर आपण दादाला बोट धरून चालवलं असं तिला वाटत होतं. बोट तिचं दादाने धरलं होतं.

मॅडमनी खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "मास्तरांना सोमवारी बोलावते."

सोमवारी मास्तर आले. लगबगने या वेळी टॅबकडे पाहिलंच नाही. ती मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, ताई दादाकडे बघत होती तशी. लाल ठिपका दोनदा कडेपर्यंत आला, तिथून त्याला काही मिळालं नाही, मग निमूट परत गेला. मास्तर अडले, घामाघूम झाले, चुकीच्या शब्दावर बोट पडलं, परत पडलं. शब्द एकमेकांना फार खेटून ठेवलेत आणि थरथरत्या बोटाला ते जमत नाही, हे लॅबला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. निघताना मास्तरांनी टॅबवर रागारागाने एकेक शब्द निवडला आणि टॅब बोलला, "मागच्या वेळी सोपं होतं."

लॅब हसून हसून बेजार. लगबगला प्रकल्पात घेतलं ते त्यानंतर काही दिवसांनी, आणि ही बातमी सांगायला ती धावत दुकानात गेली तेव्हा दादाने ती पूर्ण ऐकली, मध्ये एकदाही मान न हलवता. मग ती म्हणाली, "दादा, दुकान जरा बंद कर. बूट घ्यायचेत."

बुटांचा दुकानदार जुना ओळखीचा. दोघांना बघताच त्याने सवयीने वरच्या फळीवरचा काळा जोड काढायला हात घातला. दादा म्हणाला, "ते नको. त… त…"

दुकानदारानेही सवयीने लगबगकडे पाहिलं. "काय म्हणतायत, ताई?"

आता गंमत बघा. आयुष्यभर तिने अंदाजाने शब्द सांगितले, आणि आज पहिल्यांदा तिला शब्द खरोखर माहीत होता. तो तिच्या जिभेच्या टोकावर उभा होता, धावायच्या तयारीत.

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली. बसायला जागा नव्हती, म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.

"त… त… त…" दादा तिच्याकडे बघत होता. डोळे हसत होते. तो खरंच अडला होता की मुद्दाम, हे तिला काही केल्या कळेना. दुकानदार हातात काळा बूट घेऊन शिडीवर तसाच उभा. लगबगने दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती थांबली.